गवत कापणारा रोबो: चेंबूरच्या बागेतील बसवणी आणि वापर

मुंबईत बंगल्याभोवती हिरवळ राखणाऱ्यांनी गवत कापणारा रोबो घ्यावा का, या प्रश्नाला चेंबूरमधील आमच्या बागेत तो एक पावसाळा वापरून झाल्यावर माझे उत्तर ‘अवश्य घ्यावा’ असे आहे. परंतु यंत्र निवडण्यात जेवढा वेळ जाईल त्याहून अधिक वेळ त्याच्या बसवणीला द्यावा लागतो, कारण आपण आखून दिलेल्या हद्दीपलीकडे या यंत्राला बागेची फारशी ओळख नसते.

या यंत्रांचे दोन प्रचलित प्रकार आहेत. काही उपग्रहांच्या संकेतांवर चालतात, तर काहींसाठी बागेच्या कडेने तार टाकावी लागते. उपग्रहांवर चालणाऱ्या यंत्राला मोकळे आकाश लागते. आमच्या एका बाजूला बहुमजली इमारत आणि दुसऱ्या बाजूला माड व आंबा असल्यामुळे आम्ही तारेचाच प्रकार घेतला, आणि दाट वस्तीतील बागेसाठी तोच अधिक भरवशाचा आहे, असे माझे मत आहे.

तारेतून अतिशय कमी दाबाची वीज वाहते, तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र यंत्राला जाणवते आणि तेथून ते मागे वळते. कंपाउंडच्या भिंतीपासून ही तार सुमारे 35 सेंटिमीटर आत ठेवावी लागते, म्हणजे भिंतीलगतची गवताची पट्टी हातानेच कापावी लागणार, हे आधीच समजून घ्यावे. जेथे पेव्हर ब्लॉक हिरवळीच्या पातळीत आहेत तेथे मात्र 10 सेंटिमीटर अंतर पुरते. सर्वांत विचारपूर्वक करण्याचे काम माडांच्या आळ्यांचे आहे, कारण यंत्र त्यांत शिरू नये म्हणून त्यांच्याभोवतीही तारेचा वेढा घालावा लागतो. हद्दीपासून आळ्याकडे जाणारी आणि वेढा घालून परत येणारी अशा दोन्ही तारा एकमेकींना चिकटवून टाकल्या की त्यांतील प्रवाह विरुद्ध दिशांना वाहतात, त्यांची क्षेत्रे परस्परांना निष्प्रभ करतात आणि यंत्र त्या जोडीवरून सहज पार होते. त्या दोन तारांत अंतर राहिले, तर तेथे नवीच हद्द उभी राहते. तार नुसती खुंट्यांनी जमिनीवर दाबून चालते, पण माळ्याच्या खुरप्यापासून ती वाचवायची असेल तर काही सेंटिमीटर पुरणे उत्तम. सांधे जेल भरलेल्या कनेक्टरनेच करावेत. टेप गुंडाळलेला सांधा आपल्या दमट हवेत आणि पावसात गंजतो, आणि पुरलेल्या तारेतील तुटकी जागा शोधणे हे मोठे जिकिरीचे काम आहे.

मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि गवतही याच काळात सर्वांत जोमाने वाढते. यंत्र पावसात भिजले तरी बिघडत नाही; अडचण जमिनीची आहे. पाणी साचलेल्या मातीत चाके रुततात, एकाच जागी फिरून गवत उखडतात आणि चिखलाचे चर पाडतात. म्हणून मे महिन्यातच खड्डे भरून, पाण्याला उतार देऊन आणि चार्जिंग स्टेशन उंचवट्यावर बसवून घ्यावे. त्याची वीजजोडणी ईएलसीबीमधूनच, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या सुरक्षा स्विचमधूनच, असावी. मुसळधार पावसाच्या दिवसांत आम्ही यंत्र बंद ठेवतो आणि उघडीप मिळताच कापणीची उंची वाढवून पुन्हा सुरू करतो, कारण एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग कापला तर ते पिवळे पडते.

कापणीबद्दल मात्र मी मनापासून समाधानी आहे. हरळी असो वा मेक्सिकन गवत, रोज थोडे थोडे कापल्यामुळे ते दाट होत जाते, आणि बारीक तुकडे तेथेच कुजून नत्र मातीत परत जात असल्याने खतही कमी लागते. आवाज इतका कमी आहे की दुपारच्या झोपेतही व्यत्यय येत नाही. यंत्र उचलले किंवा कलले की पाती थांबतात. तरीही मुले बागेत असताना ते चालवू नये, आणि पावसाळ्यात बेडूक बाहेर पडतात म्हणून रात्रीही चालवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

माळ्याचे काम यामुळे संपत नाही. पडलेल्या झावळ्या आणि आंब्याच्या कोयी उचलणे, कडा कापणे, तण काढणे हे त्याच्याकडेच राहते, आणि ब्लेडसारखी लहान पाती बोथट झाली की बदलावी लागतात. त्यामुळे खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे पाती, कनेक्टर आणि बॅटरी मुंबईत लगेच मिळतात का, हे विचारावे आणि पात्यांचा एक जादा संच यंत्राबरोबरच घेऊन ठेवावा.