टोस्टमास्टर्स क्लब: धडधड थांबते, पण ‘भाषणी’ सूर सांभाळा

टोस्टमास्टर्स म्हणजे लोकांसमोर बोलण्याचा सराव करायचा क्लब. इथे शिक्षक नसतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेल्या या पद्धतीत सभासदच बोलतात आणि सभासदच चुका दाखवतात. म्हणजे क्लब जसा, तसा अनुभव. पाहुणा म्हणून बसायला फी लागत नाही, तेव्हा पहिल्याच सभेनंतर पैसे भरू नका.

पहिलं भाषण म्हणजे ‘आइसब्रेकर’. वेळ दाखवायला चौथ्या मिनिटाला हिरवा दिवा, पाचव्याला पिवळा, सहाव्याला लाल, वर ३० सेकंदांची सवलत. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली मंडळी नेमकी इथे अडकतात. ‘सन्माननीय व्यासपीठ, गुणीजन परीक्षक आणि माझ्या बंधुभगिनींनो’ करण्यात वेळ जातो, आणि पाठांतरातलं एक वाक्य निसटलं की पुढचं सगळंच अडतं. त्यापेक्षा सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवटचं एक एवढंच पाठ करावं. मधले तीन मुद्दे तळहातात मावेल अशा कार्डावर, ठळक अक्षरात. मिनिटाला साधारण शंभर शब्द धरा आणि पाच मिनिटांसाठी साडेचारशेच लिहा, कारण हशा आणि थांबे हिशेबात कोणी धरत नाही. पिवळा दिसला की वेग वाढवू नका. राहिलेला मुद्दा सोडा आणि सरळ शेवटाच्या वाक्यावर या. ऑफिसच्या प्रेझेंटेशनला सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती हीच सवय.

‘अ-काउंटर’ म्हणून नेमलेला सभासद तुमचे ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युली’, ‘काय म्हणतात ते’ मोजतो. आकडा शेवटी सांगणारा क्लब चांगला. दर ‘अं’ला घंटी वाजवणारा नवख्याने टाळावा, घंटीच्या धास्तीने माणूस शब्दाशब्दाला दचकतो. भरीचा शब्द येतो कारण पुढचं वाक्य अजून तयार नसतं. वाक्य संपलं की ओठ मिटून एक श्वास घेतला तर तो आपोआप गळतो.

टेबल टॉपिक्स, म्हणजे आयत्या वेळचा विषय आणि एक ते दोन मिनिटं, हा या सगळ्यातला सर्वात कसदार भाग. साहेबांच्या अचानक प्रश्नाची तालीम दुसरीकडे इतक्या स्वस्तात होत नाही.

मूल्यमापनाला दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि बऱ्याच ठिकाणी ती ‘छान, आत्मविश्वास दिसला’ यातच संपतात. म्हणून मूल्यमापकाला आधीच नेमकं काम द्या: पहिल्या मिनिटात हात कुठे होते, नजर उजव्या बाजूला किती वेळा गेली. क्लबच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या टप्प्यात अभिप्राय घेऊन तो पुढच्या भाषणात वापरायचा प्रकल्प असतो. तो उरकून टाकू नका.

उणीव स्लाइड्सची. दृश्य साधनांचा प्रकल्प तिसऱ्या टप्प्यावर आणि तोही ऐच्छिक. रोज स्लाइड्स दाखवणाऱ्यांनी प्रोजेक्टर मागून घ्यावा. दुसरं, स्पर्धांची चटक लागली की हातवारे आणि आवाजाचे चढउतार ठरीव होतात. मंचावर ते खपतं, आठ जणांच्या मीटिंगमध्ये नाटकी वाटतं.

वर्गणी सहा महिन्यांना ६० डॉलर, नव्या सभासदाला एकदाच वर २०. काही क्लब स्वतःचा खर्च वेगळा घेतात. दोन सभा बघूनही एकाही मूल्यमापकाने नेमकी चूक सांगितलेली ऐकू आली नाही, तर दुसरा क्लब शोधा.