सर्क्युलर सॉ घेताना पात्यांचे पैसे वेगळे काढून ठेवा

दिवाळीच्या आधी घेतलेली १८५ मि.मी. पात्याची सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची विजेवर चालणारी करवत, आता चांगलीच राबली आहे. पुस्तकांचं कपाट, गॅलरीतला बाक, माळ्याची दारं, बरंच काही तिच्यावर झालं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातल्या १२०० ते १४०० वॅटच्या यंत्रांत मला फारसा फरक जाणवला नाही, पात्यांत मात्र जमीन-अस्मानाचा जाणवला.

आमच्या मिस्त्रीकाकांचा पहिला प्रश्न होता, "मार्बल कटर असताना ही धोंड कशाला?" त्यांचंही खरं आहे. चार इंची कटर हलका, स्वस्त, आणि अख्खं फर्निचर त्यावर उभं करणारे लोक आहेत. पण त्याला खालून पातं झाकणारं, आपोआप मिटणारं गार्ड नसतं. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारं उघडं पातं रोजच्या सवयीचा हात सांभाळेल. रविवारी हौस करणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये. शिवाय कटर जेमतेम तीस-चौतीस मि.मी. खोल जातो, म्हणजे दीड इंची सागवान एका फेरीत कापला जात नाही. १८५ची करवत साठ-पासष्ट मि.मी. सहज जाते.

आता पातं. खोक्यात २४ दात्यांचं आलं होतं. लाकूड रेषेच्या दिशेनं उभं चिरायला ते झकास, कारण दात्यांमधल्या मोठ्या खाचांतून भुसा भराभर बाहेर पडतो. तेच प्लायवर आडवं चालवलं की वरच्या पापुद्र्याच्या चिंध्या. प्लाय आणि सनमायकासाठी ६० दात्यांचं टीसीटी (दात्यांच्या टोकांना टंगस्टन कार्बाइड बसवलेलं) पातं घेतलं आणि कडा इतकी स्वच्छ आली की पॉलिश पेपर नुसता फिरवायचा. पण त्याच पात्यानं जाड सागवान उभा चिरू नका: मोटर कण्हते, लाकडावर काळे डाग पडतात. एकच पातं परवडत असेल तर ४० दात्यांचं घ्या. मधल्या भोकाचं माप आधी बघा, ते २०, २५.४ किंवा ३० मि.मी. असू शकतं. पात्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्तच हवा.

या करवतीचं पातं खालून वर कापतं, त्यामुळे प्लायची दर्शनी बाजू जमिनीकडे ठेवायची. पातं प्लायच्या खाली दाताएवढंच उतरवायचं. मी आठ बाय चारची शीट जमिनीवर जाड थर्माकोल अंथरून त्यावर कापतो. फक्त दोन टोकांना टेकू दिला तर शीट मधे वाकते, फट मिटते, पातं चिमटतं आणि करवत अंगावर उसळते. सरळ रेषेसाठी खिडकीच्या दुकानातून अॅल्युमिनियमचा आठ फुटी सेक्शन आणला आणि दोन सी-क्लॅम्प लावले. याहून महागडी गाइड रेल घ्यावीशी अजून वाटलेली नाही.

तक्रारी आहेतच. तळपट्टी पातळ पत्र्याची आहे आणि कोनाच्या आकड्यांवर विसंबता येत नाही; दर वेळी गुण्या लावून नव्वद अंश तपासावे लागतात. भुसा पिशवीत कमी, घरभर जास्त. एमडीएफ (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेला बोर्ड) कापताना तर मास्क हवाच. आवाज असा की दुपारी दोन ते चार सोसायटीत चालवायची सोयच नाही. (पुण्यात तर नकोच.) आणि १५ अँपियरच्या पॉइंटवरच लावा. मोबाइल चार्जरसाठी आणलेलं बारीक वायरचं एक्स्टेन्शन तापतं.

पातं बोथट वाटलं म्हणून लगेच नवं आणू नका. सागाचा चीक आणि प्लायचा डिंक दात्यांवर साचला की धार असूनही पातं अडतं. प्लग काढून पातं उतरवायचं, भांड्यांचा साबण घातलेल्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून जुन्या टूथब्रशनं घासायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. माझं ६० दात्यांचं पातं एवढ्यावर पुन्हा कामाला लागलं.