पहिली लेव्हल बांधताना: भटकंती की थरार?

साहसी गेमची पहिली लेव्हल बांधताय? मग खेळाडूला मोकळं भटकू द्यायचं की मागे संकट लावून पळवायचं, हे नकाशा आखण्याआधीच ठरवा. नंतर बदलायचं म्हटलं तर अर्धं काम मोडावं लागतं. दोन लेव्हली शेजारी ठेवून बघू: 'टूम रेडर'मधली (१९९६) 'सेंट फ्रान्सिस फॉली' आणि 'अनचार्टेड २'मधली (२००९) धावत्या ट्रेनवरची 'लोकोमोशन'.

'फॉली'त तुम्ही एका खोल, उभ्या दालनाच्या माथ्यावर येता. खाली उतरत जाताना नेपच्यून, ॲटलास, डॅमोक्लीस आणि थॉर या नावांच्या चार खोल्या लागतात. प्रत्येकीत एक कोडं आणि एक किल्ली. चारही किल्ल्या मिळाल्या की तळातले दरवाजे उघडतात. खोल्यांचा क्रम बराचसा तुमच्या मर्जीवर. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती मोजमापाची. सगळं जग सारख्या आकाराच्या चौकोनांवर रचलंय. उभ्या उभ्या मारलेली उडी एका चौकोनाची फट ओलांडते, धावत मारलेली दोनाची, आणि धावत झेप घेऊन कडा पकडली तर तिनाची. हे एकदा अंगवळणी पडलं की खेळाडू नुसत्या नजरेनं वाट काढतो. चुकला तर सरळ तळाशी, त्यामुळे एकही शत्रू समोर नसताना पोटात गोळा येतो. म्हणजे भटकंतीतही ताण आहेच, फक्त पुढचं पाऊल कधी टाकायचं ते खेळाडू ठरवतो.

ट्रेनवर ती मुभा नाही. डब्यामागून डबा गाठत पुढे सरकायचं, बाहेरून लटकलेलं असताना समोरून येणारे सिग्नल चुकवायचे, वर हेलिकॉप्टर. वाट एकच, त्यामुळे हरवण्याचा प्रश्नच नाही. ही ट्रेन त्या जगात खरोखर धावते आणि त्यासाठी 'अनचार्टेड' बनवणाऱ्या नॉटी डॉग या स्टुडिओला हलत्या वस्तूंवर चढण्या-लढण्याची वेगळी यंत्रणा उभारावी लागली. एकट्यानं किंवा दोघातिघांनी काम करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. शिवाय दुसऱ्यांदा खेळताना कुठे काय होणार ते ठाऊक असतं, आणि धार बरीच बोथट होते.

ट्रेनचं प्रकरण संपल्यावर काय येतं, तेही बघा: तिबेटी गाव. तिथे बंदूक नाही, आणि ज्या बटणानं आतापर्यंत ठोसे मारले त्याच बटणानं गेमचा नायक ड्रेक गावकऱ्यांशी हात मिळवतो. थराराला असा उसासा लागतोच, आणि तोही तुम्हालाच बांधायचाय.

माझा कौल भटकंतीला. हात कमी असतील तर उंची, अंधार, एखादी दुरून दिसणारी बंद कमान एवढ्यावर लेव्हल उभी राहते. धोका एकच, खेळाडू वाट चुकून कंटाळतो. त्यावर 'फॉली'सारखं एक मध्यवर्ती दालन ठेवा, जे प्रत्येक खोलीतून बाहेर पडताच पुन्हा दिसेल. मात्र तुमची कथाच पाठलागाची असेल, किंवा गेम तासाभरात संपणार असेल, तर बेलाशक थरार निवडा.

'टूम रेडर'ची २०२४ची सुधारित आवृत्ती पीसीवर आणि कन्सोलवर मिळते, 'अनचार्टेड २' प्लेस्टेशन ४च्या 'नेथन ड्रेक कलेक्शन'मध्ये आहे. दोन्ही लेव्हली खेळा, आणि खेळताना कागदावर नकाशा काढा.