एकच ब्रेक पॅड लवकर संपतोय: नुसते पॅड बदलायचे, पिना साफ करायच्या, सील किट टाकायचं की नवा कॅलिपर?

मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकचे पॅड काढले आणि एकावर निम्मा थर शिल्लक, तर दुसरा पत्र्यापर्यंत घासलेला निघाला, की चार सल्ले मिळतात. नुसते पॅड बदला. पिना साफ करून ग्रीस लावा. सील किट (आतल्या रबरी सीलांचा संच) टाका. कॅलिपरच, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भागच, बदलून टाका. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीसाठी बरोबर असतो. तुमच्या गाडीला कोणता लागू आहे ते जुने पॅडच सांगतात, म्हणून ते लगेच फेकू नका. आतला कोणता, बाहेरचा कोणता, वरचं टोक कुठलं, हे मागच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा.

बहुतेक मोटारसायकलींचा कॅलिपर सरकता असतो. पिस्टन एकाच बाजूला असतात. ते आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतात आणि त्या दाबाच्या उलट धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून पलीकडचा पॅड ओढून आणतो. या पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही. मग पिस्टनकडचा पॅड जवळपास एकटाच काम करतो आणि आधी संपतो. पलीकडचा पॅड जास्त घासला असेल, तर कॅलिपर ओढला जातोय पण ब्रेक सोडल्यावर मोकळा होत नाही, असं समजा. तिथेही संशय पिनांवरच. पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड झाला असेल, तर एकच पिन अडकून कॅलिपर तिरका ओढला जात असतो, किंवा पॅड ज्या खाचेत बसतो तिथे गंज धरून किंवा पायरी पडून तो अडतो, किंवा मागच्या कामात पॅडची पातळ स्प्रिंगपट्टी बसवायची राहून गेलेली असते. दोन्ही पॅड भराभर संपतात आणि चाकही जड फिरतं, तेव्हा पिस्टन किंवा मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा भाग) बघावा लागतो.

दोन्ही पॅडमध्ये किंचित फरक राहतोच, त्याची काळजी नको. माझा ठोकताळा असा: एका पॅडचा थर दुसऱ्याच्या निम्म्यावर आला असेल, तर दोष पॅडचा नाही.

नुसते पॅड बदलणं

हा सगळ्यात पटकन होणारा आणि सगळ्यात फसवा पर्याय. नवे पॅड बसले की ब्रेक छान लागतो आणि दुरुस्ती झाली असं वाटतं. पण आत काहीच बदललेलं नसतं, आणि बरेचदा बिघाड वाढलेला असतो. जुने पॅड झिजत गेले तसा पिस्टन बाहेर आलेला असतो. त्याच्या उघड्या भागावर पॅडची भुकटी, चिखल आणि पाणी यांचा काळा थर चढतो. नवे जाड पॅड बसवायला पिस्टन आत ढकलला की तो थर थेट सीलवर जातो. म्हणून फरक किरकोळ असला आणि नुसते पॅडच बदलायचे असले, तरी पिस्टन ढकलण्याआधी साबणाचं पाणी आणि टूथब्रशने तो घासून घ्याच. ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीवरही लक्ष ठेवा. पिस्टन मागे गेला की पातळी वर येते, आणि सांडलेलं ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं.

संपलेला एकच पॅड बदलून दुसरा तसाच ठेवू नये, पॅड नेहमी जोडीने बदलावेत. वेगळ्या मिश्रणाचा महाग पॅड घेऊनही असमान झीज थांबत नाही.

पिना साफ करणं आणि सील किट: खरी निवड या दोघांत

पिनांच्या कामात ऑइलची लाइन उघडावी लागत नाही, त्यामुळे लाइनमधली हवा काढायचं काम नाही. साधी हत्यारं आणि थोडा धीर असेल तर घरीही जमतं. पिन बाहेर काढून बोटाने चाचपा. चांगली पिन गुळगुळीत लागते. बिघडलेल्या पिनेवर तपकिरी गंजाचे कडे असतात किंवा वाळलेल्या ग्रीसचा डिंकासारखा थर असतो. तो निघाला तर पिन वापरता येते. नखाला पायरी लागली तर पिन नवी घ्या. रबरी बूट फाटला असेल तर तो आजच बदला, पाणी तिथूनच शिरतं.

ग्रीसमध्ये बरेच जण चुकतात. बेअरिंगचं साधं ग्रीस खनिज तेलाचं असतं. त्याने ब्रेकमधलं रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचंच ग्रीस वापरा, तेही पातळ हाताने. बंद भोकात ग्रीस ठासून भरलं तर कोंडलेली हवा पिनेला परत ढकलते. काही कॅलिपरमध्ये दोन्ही पिना सारख्या नसतात, कोणती कुठे होती ते लक्षात ठेवा.

सील किटचं काम मोठं. पिस्टनभोवतीचं चौकोनी छेदाचं रबरी सील फक्त ऑइल अडवत नाही. ब्रेक दाबल्यावर ते पिस्टनबरोबर किंचित वाकतं आणि सोडल्यावर सरळ होताना त्याला थोडंसं मागे ओढतं. डिस्क मोकळी होते ती त्यामुळेच. सील कडक झालं की ही ओढ संपते. ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये आणखी एक गोष्ट होते: सीलच्या खाचेत पांढरी, टणक पूड साचते आणि सीलला मागून पिस्टनवर दाबून धरते. ती न खरवडता नवं सील बसवलं तर पिस्टन पुन्हा चिकटतो. कामाला देताना मेकॅनिकला हे आधीच विचारा, ‘खाच साफ करणार ना?’ इथे लाइन उघडते, म्हणजे नवं ऑइल आणि हवा काढणं आलंच. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच (डॉट ३, डॉट ४ वगैरे) ऑइल घ्या. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळू नये. पिस्टनच्या क्रोमला खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारू नका, पिस्टनच नवा घ्या.

दोघांत निवड हाताने होते. कॅलिपर डिस्कवरून उतरवून तो पिनांवर पुढेमागे सरकवून बघा. हलला नाही किंवा अडखळत हलला, तर पिना. सहज सरकला, तर पिस्टन साफ करून, टाकीचं झाकण सैल करून, जुन्या पॅडवरून सारख्या जोराने मागे दाबा. अडत, झटक्याने गेला तर सील किट. दोन पिस्टन असतील तर एकाला लाकडाच्या तुकड्याने अडवून लिव्हर हळूच, थोडासाच दाबा आणि दुसरा येतो का बघा. मग अदलाबदल करा. डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या घट्ट कॅलिपरला सरकत्या पिना नसतातच, तिथे थेट पिस्टनच तपासायचे.

सरकत्या कॅलिपरसाठी मी पहिला कौल पिनांना देईन. सील किट चाचणीने मागितलं तरच टाका.

नवा कॅलिपर

आटे गेले, पिनेचं भोक मोठं झालं किंवा आतली भिंत गंजाने खाल्ली, तरच. जुन्या गाडीवरून काढलेला कॅलिपर मी घेणार नाही. त्याचीही सील बदलावी लागणार, मग आपलाच दुरुस्त केलेला काय वाईट? मोठ्या पिस्टनचा शोभेचा कॅलिपर तर नकोच. मूळ मास्टर सिलिंडरशी मेळ बसला नाही की लिव्हरची जाण बदलते.

काम कुठलंही झालं तरी गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत जोराचे ब्रेक टाळा. हजारेक किलोमीटरनंतर दोन्ही पॅडची जाडी चारही टोकांना मोजा. फरक पुन्हा वाढत असेल आणि पिना, पिस्टन दोन्ही मोकळे असतील, तर चाकाकडे वळा. पंक्चर काढताना चाक उतरवलं असेल, तर एक्सलवरचे स्पेसर डावे-उजवे बदलून बसले नाहीत ना ते बघा. तसं झालं असेल तर डिस्क कॅलिपरच्या मधोमध राहत नाही. त्यानंतर डिस्क वाकली आहे का ते डायल गेजने (बारीक डगमग मोजणाऱ्या उपकरणाने) तपासून घ्या.