गागारिनची १०८ मिनिटं, विश्रामबागच्या ग्राउंडवर

१२ एप्रिलला सांगलीत विश्रामबागच्या एका शाळेच्या ग्राउंडवर अंतराळ-रात्रीचा कार्यक्रम होता, तिकीट १५० रुपये. मुलाला आणि आईला घेऊन मिरजेहून गेलो. या तारखेला १९६१ साली युरी गागारिन अंतराळात गेलेला पहिला माणूस ठरला, रशियात हा दिवस १९६२ पासून साजरा करतात, आणि २००१ पासून युरीज नाइट नावाने जगभर लोक जमतात.

आयोजकांची आयडिया एक नंबर. गागारिनचं उड्डाण १०८ मिनिटांचं, म्हणून कार्यक्रमही तेवढाच, स्टेजवर मोठं घड्याळ लावलेलं आणि त्या त्या मिनिटाला तो कुठे होता ते एक ताई सांगत होत्या. साधारण ऐंशीव्या मिनिटाला आफ्रिकेजवळ ब्रेकचं इंजिन सुरू झालं, मग यानाचे दोन भाग सुटायला पाहिजे होते पण वायरी तुटेनात आणि यान गरगर फिरायला लागलं, जवळजवळ दहा मिनिटं! शेवट माहीत असूनसुद्धा माझे हात घट्ट आवळले गेले होते आणि पोरगं तर खुर्चीवरून उठून उभंच राहिलं. मग सात किलोमीटर उंचीवर तो यानातून बाहेर पडून पॅराशूटने शेतात उतरला, नारिंगी सूट, पांढरं हेल्मेट, आणि तिथे एक बाई नातीला घेऊन काम करत होती. आमच्या आईचा सगळा जन्म तासगावच्या द्राक्षबागेत गेला, ती हळूच म्हणाली, "बिचारी किती घाबरली असंल, आणि पाणी तरी इचारलं असंल का त्याला?" मला तर भरूनच आलं.

टेलिस्कोपमधून गुरूचे चार चंद्र एका ओळीत दिसले, पण ग्राउंडचा हॅलोजन शेवटपर्यंत कुणी बंद केला नाही त्यामुळे डोळ्यांना अंधाराची सवयच होईना, आणि रांगेत पाऊण तास उभं राहून बघायला मिळालं अर्धा मिनिट. दोन तरी टेलिस्कोप हवेत. फुगवलेल्या तारांगणाच्या डोममध्ये एप्रिलचा उकाडा, फॅन एकच, आईला मधेच बाहेर आणावं लागलं.

राकेश शर्मा आणि शुभांशु शुक्ला यांना मिळून दहाच मिनिटं दिली हे मात्र पटलं नाही. १९८४ नंतर दुसरा भारतीय पृथ्वीच्या कक्षेत जायला २०२५ उजाडलं, मधली ४१ वर्षं आपण किती वाट बघितली ते पोरांना कळायला पाहिजे.

आता २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिनाला परत करणार आहेत, आम्ही जाणारच. गेटवर तिकीट मिळत नाही, आधी फोन करून नाव लावा आणि म्हाताऱ्या माणसांसाठी पुढच्या खुर्च्या मागून घ्या, देतात.