वांगणी की माळशेज? ठाणेकरांसाठी अंधाराचा हिशोब

ठाण्यात गच्चीवरून मृग नक्षत्र दिसतं, कृत्तिकांचा तारकापुंज मात्र नुसता धुरकट ठिपका. मग तारे बघायला जायचं कुठे?

वांगणी सोयीची. कर्जत लोकल पकडा, बदलापूरच्या पुढचं स्टेशन. खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेचे रात्रभराचे कार्यक्रम इथे होत आले आहेत, त्यामुळे नवख्याला सोबत मिळते. पण बदलापूर फुगत चाललंय, वायव्येचं आकाश पिवळट दिसतं. परतीची लोकल पहाटेच, म्हणून सतरंजी आणि चहाचा थर्मास हवाच.

माळशेजला जायला स्वतःची गाडी हवी आणि मुक्कामही. रात्री घाटात गाडी हाकण्याच्या फंदात पडू नका. पण अंधार! मार्चच्या पहाटे वृश्चिकाच्या नांगीपाशी आकाशगंगा साध्या डोळ्यांनी दिसते. डोळे अंधाराला सरावायला 20-30 मिनिटं लागतात. आमच्यातल्या एकाने मध्येच मोबाईल उघडला आणि सगळ्यांचा सराव पाण्यात. टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधा. पावसाळ्यात मात्र तिथे धुक्याशिवाय काही नाही.

मुलांना पहिल्यांदा शनीची कडी दुर्बिणीतून दाखवायची तर वांगणी पुरे, ग्रहांना अंधार फारसा लागत नाही. आकाशगंगेसाठी मी माळशेजच धरेन, तेही अमावास्येच्या आसपास.