पावनखिंडीचा ट्रेक संपल्यावर जेवायला : पांढरपाण्याच्या अलीकडची बिनबोर्डाची खानावळ

पन्हाळा ते पावनखिंड चालून झालं की जेवायचं कुठे, हा प्रश्न जुलै लागला की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर येतोच येतो आणि उत्तर पण दरवर्षी तेच, कोल्हापुरात जाऊन जेवा, तिथे काय खानावळींना तोटा नाही. बरोबर आहे हो. पण पावनखिंडीतून कोल्हापूर म्हणजे मलकापूर, बांबवडे करत पावसात दोन तास कुठे गेले नाहीत, तेवढ्यात बसमध्ये निम्मी मंडळी माना टाकून झोपतात, अंगावर ओले कपडे तसेच, आणि कोल्हापूर आलं की कुणाची रेल्वे, कुणाची पुण्याची शिवशाही, कुणाला उद्या सकाळी ऑफिस, "चला भेटू परत" म्हणून सगळे दहा मिनिटांत पांगतात. दोन दिवस एकमेकांचे हात धरून ओढे ओलांडलेली माणसं शेवटचं ताट काही एकत्र घेत नाहीत. मला हे पटत नाही. म्हणून ह्या जागेबद्दल सविस्तर लिहितेय.

जागा म्हणजे एक घर आहे. मलकापूरवरून विशाळगडाकडे जाताना पांढरपाणी यायच्या थोडं आधी, बोर्ड नाही, मॅपवर नाही. पुढच्या पडवीला निळी ताडपत्री ओढून मांडव केलाय, खाली शेणाने सारवलेली जमीन, वर सतरंज्या. ट्रेकचा सीझन सोडला तर बहुतेक चालू पण नसावं. आमच्या बसच्या ड्रायव्हरदादांना माहीत होतं म्हणून आम्ही पोचलो.

ज्यांनी हा ट्रेक केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापासून सुरुवात, राजदिंडीने खाली उतरायचं, तुरुकवाडी, म्हाळुंगे, मग मसाई पठार, तिथे वारा असा की पोंचो अंगावर राहत नाही, पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, रात्री कुठेतरी वाडीत किंवा शाळेत मुक्काम, दुसऱ्या दिवशी रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, धनगरवाडा, म्हसवडे, पांढरपाणी आणि शेवटी पावनखिंड. सगळं मिळून पन्नासेक किलोमीटर, त्यातला बराचसा चिखल. चढ असा मारून टाकणारा कुठेच नाही, पण भाताच्या बांधावरून चालताना पाय घसरला की गुडघाभर खाचरात. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज १२ जुलैच्या रात्री ह्याच वाटेने निघाले, आषाढी पौर्णिमा पण ढगांमुळे मिट्ट काळोख, सोबत सहाएकशे बांदल मावळे, पालखी खांद्यावर आणि मागे पाठलाग. आपण दोन दिवस, मध्ये चहा-भजी, पोहे, मुक्काम करून जेवढं चालतो तेवढं ते कुठे न थांबता गेले. आणि पुढे विशाळगडाला पण आदिलशाहीच्या सुर्व्यांचा नि दळव्यांचा वेढा होताच, म्हणजे तिकडे पोचून सुद्धा परत लढाईच. हे सगळं वाचलेलं असतं, पण पोटरीत गोळा आलेला असताना डोक्यात शिरतं ते वेगळंच.

खिंडीत उतरायला आता पायऱ्या आणि लोखंडी कठडे आहेत, खाली कासारीचा ओढा फुल्ल वाहत असतो. तिथे आमच्यातले सगळ्यात बडबडे लोक पण गप्प झाले, मग कुणीतरी घोषणा दिली आणि मग जी सुरू झाली ती थांबेचना. इथपर्यंत सगळं एक नंबर.

त्यानंतर वर रस्त्यावर आमच्या आयोजकांचा (नाव घेत नाही) 'समारोप सोहळा' होता. भाऊ, ओल्या कपड्यात, गारठ्यात, कुडकुडत पाऊण तास उभं करून पाहुण्यांचं भाषण, मग पाहुण्यांचा सत्कार, मग सत्काराला उत्तर. मेडल, सर्टिफिकेट, फोटो, सर्टिफिकेट तिथल्या तिथे भिजलं. आणि जेवण म्हणून थर्माकोलच्या द्रोणात गार पुलाव. शंभरच्या वर माणसं, एक पाण्याचा पिंप. लोकांनी पैसे भरलेत, चाललेत जीव खाऊन, त्यांना आधी गरम काहीतरी द्या मग काय सत्कार करायचे ते करा ना. असो, आमच्या बसमधल्या तीसेक जणांनी तो पुलाव घेतलाच नाही, ड्रायव्हरदादा म्हणाले मी नेतो तुम्हाला एका ठिकाणी, मी निरोप दिलाय कालच. देव भलं करो त्यांचं.

तर खानावळ. उतरलो आणि मांडवात घुसायला लागलो तर आतून मावशींचा आवाज, "आधी पाय धुवा, मग बसा! मीठ टाकलंय पाण्यात." बघतो तर दारातच दोन मोठ्या बादल्या आणि एक घंगाळ, पाणी कडकडीत गरम. दोन दिवस बुटात भिजून पाय पांढरेफट्ट, सुरकुतलेले, बोटांच्या मध्ये कातडी निघालेली, ते गरम मिठाच्या पाण्यात बुडवल्यावर एकेकाच्या तोंडून जे आवाज निघाले ते इथे लिहिता येणार नाहीत. साताऱ्याच्या डॉक्टरताई होत्या आमच्यात, त्यांनी तिथेच पायरीवर बसून सगळ्यांचे फोड तपासले, कुणाला पट्टी कुणाला पावडर, "हा फोड फोडायचा नाही हं, खबरदार." एकाच्या घोट्यावर जळू निघाली, तिला मावशींच्या मुलाने चिमूटभर मीठ टाकून सोडवली आणि परत कामाला लागला, जणू रोजचंच.

बुटांची गंमत वेगळीच. सह्याद्रीत फिरणाऱ्या निम्म्या पब्लिकच्या पायात ॲक्शनचे तेच ते ट्रेकिंगचे बूट, त्यात सगळे लाल चिखलाने एका रंगाचे झालेले, ओट्याखाली ढीग लागला. जाताना पंधरा मिनिटं नुसतं बूट शोधणं चालू होतं, डोंबिवलीचे दोघं भाऊ एक आठ नंबर एक नऊ नंबर घालून बसमध्ये चढले आणि मलकापूरपर्यंत त्यांना कळलं नाही.

आता जेवण. पंगत जमिनीवरच, ज्यांना मांडी घालता येईना (बरेच होते) त्यांना भिंतीकडेला पाट आणि पाय पसरायची परवानगी. ताट यायच्या आधी हातात स्टीलचा ग्लास आला, पांढरा रस्सा. "आधी हे पिऊन घ्या सगळ्यांनी, अंगातला गारठा जाऊ दे." कोल्हापूर शहरात हॉटेलात जो पांढरा रस्सा मिळतो त्यात हल्ली काजू इतका की खीर वाटावी, इथला तसा नव्हता. पातळ, नारळाच्या दुधाचा, खसखस-तिळाचं वाटण जेमतेम जाणवेल इतकं, आळणी पाण्याचा (मसाला न घालता कोंबडी शिजवलेलं पाणी) खरा वास आणि मागून येणारी मिरी-आल्याची धग. घशातून खाली उतरताना कुठपर्यंत पोचला ते कळत होतं. मी तीन ग्लास प्यायले, लाज नाही.

मग ताट : गावठी कोंबडीचं सुकं, तांबडा रस्सा, खर्डा, कांदा-लिंबू, दही, आणि भाकरी. तांदळाची पण होती, नाचणीची पण. चुलीपाशी दोन मावशी, एक थापतेय एक भाजतेय, मी मुद्दाम जाऊन बसले बघत. थापणारीचा हात परातीत गोल फिरतो आणि भाकरी आपोआप मोठी होत जाते, कडा कुठे चिरत नाही, मग तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात, उलटली की तवा बाजूला आणि भाकरी थेट निखाऱ्याला उभी टेकवायची, टम्म फुगली की काढली. ह्या सगळ्यात ती माझ्याशी बोलत होती, हाताकडे बघत पण नव्हती. मी म्हटलं मावशी एवढ्या जणांच्या भाकऱ्या, दमत नाही का, तर म्हणे, "तुम्ही पन्हाळ्यावरनं चालत आलाय की, मी काय, बसून भाकरी टाकतो." ह्यावर काय बोलणार.

तांबड्या रस्स्याबद्दल एक सांगते, पुण्यामुंबईच्या लोकांना वाटतं कोल्हापुरी म्हणजे नुसता जाळ. इथली चटणी (घरची कांदा-लसणाची, विचारून घेतली) रंगाला लालभडक पण तिखट बेताचं, कोंबडीची चव पुढे आणि तिखट मागून. खर्डा मात्र जपून. सोलापूरचा एक पोऱ्या फुशारकीने मोठा गोळा उचलून बसला, आमच्याकडे शेंगाचटणी काय कमी तिखट असते का म्हणत, आणि मग दह्याच्या तीन वाट्या संपवल्या.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जेवणातली नाही खरं तर. आमच्यात नाशिकचे एक काका होते, एसटीतून रिटायर झालेले, माळकरी. सगळ्या ट्रेकभर ते पुढे आणि आम्ही तिशीतले मागे. त्यांनी काही बोलायच्या आत मावशींनी गळ्यातली माळ बघितली आणि त्यांना आतल्या ओटीवर नेऊन वेगळा पाट मांडला, वेगळी चूल, वेगळी भांडी, अख्खा मसूर, झुणका, नाचणीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. काका म्हणाले मी एकटा आत काय करू, मला पोरांत बसू द्या, तर त्यांचं ताट उचलून पंगतीच्या टोकाला आणलं आणि आजूबाजूचे चौघं आपणहून मसूरवाले झाले. मी चाखून बघितला तो मसूर. जबरदस्त. शाकाहारी लोकांनी बिनधास्त जावं, 'व्हेज म्हणजे बटाट्याचा रस्सा' असला प्रकार नाहीये.

जेवण होत आलं तसं कुणालाच उठवेना. बाहेर पाऊस धो धो, आत चुलीचा धूर, कुणीतरी म्हणालं मेडल काढा रे सगळ्यांची, आणि मग आमचा खरा समारोप झाला, सगळी मेडलं गोळा करून ज्याने ज्याला मदत केली त्याने त्याच्या गळ्यात घालायचं. डॉक्टरताईंच्या गळ्यात सात की आठ झाली. काकांना एक मिळालं ते म्हणे नको, मी ते ड्रायव्हरला देतो, "निरोप त्याने दिला म्हणून जेवलो." खर्डा खाल्लेल्या पोऱ्याने पोवाडा म्हटला, आवाज बसलेला, निम्मे शब्द विसरला, पण टाळ्यांनी ताडपत्री हलली. आषाढी पौर्णिमा होऊन गेलेली, श्रावण तोंडावर, म्हणजे ऐन आखाड (श्रावण लागायच्या आधी सामिष खाऊन-पिऊन घ्यायचे दिवस), मावशींचा मुलगा हसत म्हणाला आमच्या घरचा पण आखाड आज तुमच्याबरोबरच.

ह्यावरून एक. शेजारी दुसऱ्या एका ग्रुपची गाडी थांबली, त्यातल्या दोघांनी हळूच विचारलं दारूसाठी ग्लास मिळतील का. मुलाने शांतपणे सांगितलं, "इथं तसलं चालत न्हाई दादा, जेवायचं तर या." गेले ते. मी त्याच्या बाजूने आहे. खिंड इथून जवळच, दोन दिवस बाजीप्रभूंच्या, त्यांचे भाऊ फुलाजींच्या नावाने घोषणा द्यायच्या आणि बाहेर आल्यावर बाटली उघडायची, हे दरवर्षी दिसतं आणि दरवर्षी डोक्यात जातं.

आता कटकटी. भात कमी पडला, शेवटच्या सात-आठ जणांना नुसत्या भाकरीवर थांबावं लागलं, आणि नंतर आला तो घाईत शिजवलेला, कच्चट. पांढरा रस्सा आणि भात ही जोडी ज्यांना हवी असते त्यांचा मूड गेला. मोबाईलला रेंज नाही त्यामुळे यूपीआय विसरा, कॅश ठेवा, आमच्यात कुणाकडेच सुट्टे नव्हते, शेवटी एकाने सगळ्यांचे दिले आणि कोल्हापूर आल्यावर बसमध्ये हिशोब. बायकांना कपडे बदलायला आतली खोली देतात, कडी आहे, आरसा आहे, हे फार मोठं काम झालं, पण संडास एकच आणि घराच्या मागे, स्वच्छ आहे पण वाट निसरडी, टॉर्च न्या. तीस माणसं म्हणजे त्यांची कमाल मर्यादा समजा, दोन बस एकदम नेल्या तर सगळ्यांचेच हाल.

दर : कोंबडीचं ताट २५० रुपये, रस्से दोन्ही पाहिजे तेवढे, भाकरीला मोजदाद नाही. मसूरचं ताट १३०. नंतरचा चहा १० रुपये, गवती चहा घातलेला. पाय धुवायच्या पाण्याचे पैसे विचारले तर मावशी खरंच चिडल्या.

आधी न सांगता जाऊ नका, कोंबडी सकाळी कापतात. आदल्या रात्रीच्या मुक्कामाच्या वाडीत किंवा बसवाल्याजवळ निरोप दिला तरी पोचतो. दहाच्या आत माणसं असाल तर कोंबडी होत नाही म्हणाले, मसूर-भाकरीवर भागवावं लागेल. ते किती वाईट आहे ते नाशिकच्या काकांना विचारा, त्यांनी तीन वेळा वाढून घेतला.